पांढरीवरचे होले

पुराच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईचं दूध आटलं.

शेवंताबाईला आधी वाटलं, लेकरूच नीट धरत नसेल. आठ दिवसांचा जीव तो, त्याला काय समजतंय. तिनं सुनेच्या मांडीवरचं लेकरू जरा वर उचललं, तोंड लावून दिलं, पाठीवरून बोट फिरवलं. लेकरानं चार वेळा ओढलं, थांबलं, पुन्हा ओढलं आणि मग मान वळवून रडायला लागलं. रडणं तरी कसलं! गावात होतं तेव्हा हेच लेकरू असं कोकलायचं की शेजारचा झुलाल ओट्यावरून विचारायचा, चिमटे काढता का काय त्याला. आता घशातून नुसती किरकिर निघत होती, आणि तीही थांबून थांबून.

"आत्याबाई, दूध नई ई ऱ्हायनं," कुंदा म्हणाली. सासूच्या हंड्याला आपल्या हातून पोचा पडावा, तशा तोंडानं तिनं ते सांगितलं.

"येईन व माय. तू घाबरू नको," शेवंताबाई म्हणाली. ती स्वतः इतकी घाबरली होती की बोलताना तिनं सुनेकडे पाहिलंच नाही.

कुंदा सोनगीरची. सात वर्षं या घरात नांदून तिची बोली काही बदलली नव्हती, आणि तिची चेष्टा करून करून घरच्यांनी शेवटी नाद सोडला होता. सात वर्षांत तिला दोन लेकरं झाली, दोन्ही माहेरी, आणि दोन्ही महिन्याच्या आत गेली. हे तिसरं. म्हणून या खेपेला शेवंताबाईनं सुनेला माहेरी धाडलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर बाळंतपण करते, पाहते कसं जातं लेकरू, असं ती चारचौघींत छाती ठोकून म्हणाली होती. आता लेकरू डोळ्यांसमोरच होतं.

चारी बाजूंनी तापी पसरली होती. एकोणसाठ सालचा भादवा तो. करंजवडं गाव पाण्याखाली गेलं होतं, केळीचे बाग गेले होते, आणि उरलं होतं एवढं पांढरीचं टेकाड. कधीकाळी तिथं जुनं गाव होतं, ते उठून गेलं आणि त्याची पांढरी माती तेवढी मागं राहिली. वर एक कडुनिंब, एक शेंदरी म्हसोबा आणि कडबा ठेवायचं एक छप्पर, तेही निम्मं उडालेलं. एका खळ्याएवढी जागा. त्या जागेवर शेवंताबाई, तिचा मुलगा पितांबर, सून, लेकरू, पितांबरची पत्र्याची पेटी आणि पितांबरची बंदूक, एवढा संसार येऊन बसला होता.

बंदूक म्हणजे छऱ्याची. सत्तेचाळीस साली गोरे साहेब भुसावळ सोडून चालले, तेव्हा रेल्वेच्या एका गार्डानं आपलं सामानसुमान विकायला काढलं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले, कुणी बाथटब घेऊन त्यात गुरांना पाणी पाजलं. पितांबर गेला होता सायकल घ्यायला आणि आला ही बंदूक खांद्याला लावून. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. दिवस असे होते की रोज कुठली ना कुठली भयंकर बातमी यायची आणि पेपर वाचून दाखवणाऱ्याभोवती माणसं उभ्यानं ऐकायची. पितांबरच्या डोक्यानं घेतलं की माणसानं तयारीत राहिलं पाहिजे. खऱ्या बंदुकीला लायसन लागतं, हिला लागत नाही. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, झाडायची. वेळ आली तर पाखरं मारून माणूस महिनाभर जगू शकतो, असं त्या गार्डानं त्याला सांगितलं होतं, आणि तेच तो बारा वर्षं गावाला सांगत होता.

गावानं त्याचं नाव पलटण ठेवलं. पलटण आली, पलटणीला चहा द्या, असं चालायचं. पेटीत त्यानं मेणकापडात गुंडाळून काडेपेट्या ठेवल्या होत्या, मीठ, गूळ, फुटाणे, जर्मनचं एक पातेलं, दोरी, चाकू आणि छऱ्यांची एक गोल डबी. गूळ-फुटाणे तो दर पोळ्याला बदलायचा. छर्रे मात्र जसेच्या तसे. एकही छर्रा त्यानं कधी झाडला नाही, कारण ते वेळेसाठी होते. गाववाल्यांनी किती डिवचलं, तो आंबा पाडून दाखव, ती चिमणी उडवून दाखव. हा हसायचा आणि डबी खिशात घालायचा. शेवंताबाई त्या बंदुकीचा रागराग करायची. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही, आणि खुंटीला हे पाप टांगलेलं! दसऱ्याला विळ्या-कोयत्यांबरोबर ती त्या बंदुकीलाही हळदकुंकू लावायची खरी, पण लांबूनच.

पण पूर आला तेव्हा पलटणीची पेटीच कामाला आली, हे तिला मनात कबूल करावं लागलं. आणि आपण इथं आलो ते कुणामुळं, हेही तिला माहीत होतं. ते तिच्या तोंडून निघत नव्हतं एवढंच.

त्या दिवशी दुपारी कोतवालानं दवंडी दिली की वरून पाणी सुटलंय, तिसऱ्या प्रहरापर्यंत गाव सोडा. गाड्या जुंपल्या गेल्या. झुलालनं आपली गाडी दारात आणून लावली, यांचे बैल सोडून आपल्या बैलांमागं बांधले, आणि आत ओरडला की शेवंताअक्का, बाळंतिणीला घ्या, वरच्या अंगाला बोदवडच्या रस्त्याला माझ्या साडूचं घर आहे. पण तो लेकराचा पाचवा दिवस होता. पाचवीची पूजा दिवेलागणीला व्हायची. सटवाई येते, पाट मांडलेला पाहते, कोरा कागद आणि लेखणी पाहते आणि लेकराच्या कपाळावर आयुष्य लिहून जाते. मागच्या दोन्ही खेपांना सोनगीरला ती पूजा हयगयीनं झाली, असा शेवंताबाईचा पक्का समज होता. एकदा दिवा विझला होता, एकदा म्हणे पाटच उशिरा मांडला. पूजा झाल्याशिवाय बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडणार नाही, असं तिनं सांगितलं. पितांबरनं हातापाया पडून पाहिलं, झुलाल तर चिडून बोलला. ती हलली नाही. पाणी काय, दरसाल येतं आणि वेशीवरून परत जातं. पूजा झाली की निघतोच ना.

पूजा झाली. दिवा शेवटपर्यंत विझला नाही. पितांबर पाटावरचे तांदूळ गोळा करत होता तोवर मोरीतून पाणी उलटं आत आलं. कमरेएवढ्या पाण्यातून बाळंतिणीला पाठीवर घेऊन तो पांढरीवर चढला, परत गेला, पेटी आणि बंदूक घेऊन आला. तिसऱ्यांदा जायचं होतं जोंधळ्याच्या पोत्यासाठी. तेव्हा घरच दिसत नव्हतं. शेवंताबाईनं येताना कवटाळून आणलं ते लेकरू आणि त्याच्या अंगाला लावायची तेलाची बाटली.

गूळ-फुटाणे दीड दिवस पुरले, कारण पितांबर आणि शेवंताबाई दोघंही खाल्ल्याचं सोंग करत आपला वाटा कुंदाकडे सरकवत होते. केळी डोळ्यांसमोरून वाहत गेली, उभीच्या उभी झाडं, पण सगळी मधल्या धारेला. एकच खोड टेकाडाला लागलं, त्याला बोटाएवढी कोवळी केळी होती. ती उकडून दिली तर कुंदानं ओकून टाकली. मग कालचा अख्खा दिवस गढूळ पाणी गाळून, उकळून प्यायचं आणि भुसावळच्या दिशेला नाव दिसते का ते बघायचं, यात गेला. नाव काही दिसली नाही.

"माय," पितांबर म्हणाला. तो छपराबाहेर उभा होता आणि निंबाकडे बघत होता. "झाडावर होले हायेत."

शेवंताबाईला समजलं. तिनं न समजल्यासारखं केलं.

"निंब भरेल हाये पाखरांनी. त्यायले जायले जागा नही. एक जरी पडला तरी कुंदीले रस्सा होईन. तिच्या अंगात काही गेलं त दूध येईन."

"पितांबर, गप ऱ्हाय."

"काहून गप राहू?"

"पुरात टेकाडावर आलेल्या जिवाले हात नही लावत. तेबी आपल्यासारखेच आले अठी, जीव घेऊन." शेवंताबाईचा आवाज चढला. ती नवी नवरी असताना असाच पूर आला होता, अख्खं गाव या पांढरीवर बसलं होतं, आणि माणसांच्या मधोमध एक नाग वेटोळं घालून पडला होता. कुणी काठी उचलली नाही. पाणी उतरलं तसा तो आपल्या वाटेनं गेला. हा नेम तिच्या सासऱ्यानं तिला सांगितला होता आणि तिनं लेकाला. "आणि माह्या गयात तुळशीची माळ हाये. बाळंतिणीले पाखरू मारून घालू? माह्या घरात?"

"घर कुठी हाये, माय?"

तिनं गावाच्या दिशेला पाहिलं, तिथं नुसतं पाणी होतं.

"नेम, नेम!" पितांबर असा कधी बोलत नसे. बत्तीस वर्षांचा झाला, पण आईसमोर आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. "झुलालभाऊ गाडी घेऊन दारात उभा होता. तुह्या पाचवीपायी आपन अठी आलो. आता लेकरू मरी जाईन, आनि तू मले होल्याची कीव सांगते."

बोलून झाल्यावर तोच हबकला आणि तिथून बाजूला गेला. शेवंताबाई मात्र जागच्या जागी बसून राहिली. तीन दिवस जे बोल ती स्वतःला लावत होती, तेच लेकाच्या तोंडून ऐकताना वेगळे लागले. खोटं तर त्यात काहीच नव्हतं. तिला रडूही आलं नाही, इतकं ते खरं होतं.

पितांबरनं बंदूक काढली. नळी मोडली, डबी उघडली आणि बारा वर्षं जपलेला पहिला छर्रा बोटांत धरला. निंबाच्या खालच्या फांदीवर दहा-अकरा पावलांवर होले ओळीनं बसले होते, अंग फुगवून, भिजलेले. लहान लेकरालाही वाटावं की आता पडतोच. पितांबरनं नेम धरला, घोडा ओढला आणि बंदुकीतून फुस्स असा आवाज आला. छर्रा चार हातांवर चिखलात पडला. होल्यांनी माना वळवून पाहिलं फक्त.

"चामडं वाळलं आतलं," तो म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. बंदुकीच्या आत दट्ट्याला चामड्याची चकती असते, तिला तेल लागतं, हे त्या गार्डानं सांगितलं होतं. तेल पितांबर दर पोळ्याला घालायचा. पण यंदाचा पोळा झाला तेव्हा कुंदाचे दिवस भरत आले होते आणि ते राहून गेलं. "माय, ते लेकराचं तेल दे. चार थेंब."

शेवंताबाईनं बाटली पुढं केली. नाही म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं, आणि हो म्हणायचंही नव्हतं. त्यानं थेंब सोडले, नळी दहा-वीसदा मोडली आणि मिटली, थोडा वेळ थांबला. पुढचा छर्रा फट् करून गेला आणि पानांत शिरला. होले उडाले. गोल फिरून, पाण्यावरून एक चक्कर मारून परत त्याच फांदीवर येऊन बसले. त्यांना दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

मग पितांबर मारत सुटला. एक छर्रा वर गेला, एक खाली, एक फांदीत रुतला. प्रत्येक वेळी होले उडायचे आणि परत यायचे. शेवंताबाई छपरातून पाहत होती. तीन दिवसांचा उपाशी माणूस तो, नळी मोडायलाच त्याला दोनदा जोर लावावा लागत होता. शिवाय या माणसानं आयुष्यात कधी नेम धरला नव्हता. सगळं वेळेसाठी ठेवलं, आणि वेळेला लागणारा हात तेवढा तयार करायचा राहिला. झुलाल असता तर पोट धरून हसला असता. तिला मात्र लेकाची अशी दया आली की तिनं पदर तोंडावर घेतला. तो बोलत होता स्वतःशीच, "थांब, थांब जरा," आणि ते होल्याला म्हणत होता, हाताला म्हणत होता की देवाला, कोण जाणे.

मागं लेकरानं किरकिर थांबवली. शेवंताबाई गर्रकन वळली. लेकरू जागं होतं. डोळे उघडे होते, तोंड उघडत होतं आणि मिटत होतं, आवाज येत नव्हता. टाळू आत गेली होती. ही खूण तिनं दोनदा ऐकली होती, सोनगीरहून आलेल्या माणसाच्या तोंडून. टाळू बसली होती, मग दुसऱ्या दिवशी गेलं, असं तो माणूस सांगायचा आणि जेवून निघून जायचा. कुंदानंही ती पाहिली. लेकराच्या टाळूवर तिनं तळहात ठेवला, झाकून ठेवल्यासारखा.

शेवंताबाई उठली. तिनं गळ्यातली माळ काढली. तीस वर्षांत ती माळ अंघोळीलाही उतरली नव्हती, त्यामुळं ती डोक्यावरून निघताना अंबाड्यात अडकली. तिनं ती सोडवली, म्हसोबाच्या दगडापाशी ठेवली आणि पितांबरसमोर जाऊन हात पुढं केला.

"दे इकडे ते."

"तुले काय येते माय?"

"दे म्हनते ना!"

काय येतं, हे पितांबरला ठाऊक नव्हतं असं नाही. बंदूक तिनं कधी धरली नव्हती, पण जोंधळा हुरड्यावर आला की माळ्यावर चढून पाखरं राखायचं काम तिनं आठव्या वर्षापासून केलं होतं. तिच्या गोफणीचा दगड सगळ्या शिवाराला माहीत होता. साठ हातांवरच्या कणसावर पाखरू बसलं, तर त्या कणसाला धक्का न लावता ते उडवायची. आणि पाखराला धक्का न लावता. ते तर पहिलं. तिच्या बापानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पाखरू हाकलायचं, मारायचं नाही, दगड बाजूनं जाऊ दे. उभ्या जन्मात तिनं लाखभर दगड फेकले असतील, आणि एकही पाखराला लागला नव्हता. आज गोफण नव्हती, पांढरीच्या मातीत दगडही नव्हते, आणि गोफणीचं ते कामही नव्हतं.

पितांबरनं नळी मोडून छर्रा घालून दिला. डबीत आता मूठभरही उरले नव्हते. तिनं बंदूक छपराच्या मेढीच्या बेचक्यात टेकवली, जवळ बसली आणि एक डोळा मिटला. एका होल्याचं गळ्यावरचं काळं कडं तिला नीट दिसलं. तिनं घोडा ओढला. छर्रा होल्याच्या डाव्या बाजूनं चार बोटांवरून गेला.

"जवळ होता माय!" पितांबर म्हणाला.

जवळ होता हे तिलाही माहीत होतं, आणि का चुकला हेही. तिचा नेम चुकला नव्हता. तिचा हात जिथं जन्मभर जात आला होता तिथंच गेला होता, पाखराच्या बाजूला. तिनं दुसरा छर्रा मागितला. तोही डावीकडून गेला, अगदी त्याच जागेवरून. तिसराही. होले उडाले, फिरले, आले. तिला स्वतःचा संताप आला. हात तिचा, डोळा तिचा, समोर मरायला टेकलेलं लेकरू तिचं, आणि बोटं काही तिचं ऐकेनात.

मग तिनं डोळे मिटून घेतले आणि मनाला खडसावलं. शेवंते, तू पूजेसाठी थांबलीस तेव्हा तुझा हात थरथरला नव्हता. तेव्हा चांगली ठाम होतीस. आता कुणाला बाजूनं घालवतेस? तिनं डोळे उघडले. नळी जिथं आपसूक गेली होती, तिथून तिनं ती उजवीकडे ढकलली, जाणूनबुजून, त्या काळ्या कड्यावर आणून ठेवली, आणि तिथं ती धरून ठेवायला तिला जेवढं बळ लागलं तेवढं तिला बाळंतपणातही लागलं नव्हतं.

फट् आवाज झाला. बाकीचे उडाले. एक खाली पडला.

मेला नव्हता. छर्रा पंखाच्या मुळाशी लागला होता, आणि हवेची बंदूक ती, जीव घेण्याएवढा जोर तिच्यात कुठला. होला एका पंखावर चिखलात गोल फिरत होता. पितांबर पुढं झाला आणि दोन पावलांवर थांबला. बारा वर्षं पाखरं मारून जगण्याच्या गोष्टी सांगणारा हा बाप्या, त्याचे हातच पुढं होईनात.

"सर बाजूले," शेवंताबाई म्हणाली.

तिनं होला दोन्ही हातांत उचलला. तो गरम होता. एवढ्या पावसात भिजून, तीन दिवस उपाशी राहून तो इतका गरम कसा, याचंच तिला नवल वाटलं. छातीत त्याचं काळीज इतकं भराभर उडत होतं की तिच्या बोटांना ते मोजता आलं नसतं. "माफ कर रे बाप्पा," ती म्हणाली, आणि ओलं धुणं पिळावं तशी तिनं मान पिळली. ते चटकन झालं. कुणी कधी शिकवलं नव्हतं, तरी झालं.

पिसं पितांबरनं काढली. पोट साफ करायचं कसं ते दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी छपरातून कुंदानंच सांगितलं, पडल्या पडल्या, हळू आवाजात. सोनगीरला तिच्या माहेरी सगळं चालायचं. सात वर्षांत तिनं या घरात त्याचा शब्द काढला नव्हता. आता तिनं सांगितलं की कोठा फाडू नका, पित्त तेवढं जपून काढा, नाहीतर बठ्ठं कडू व्हई जाई. मेणकापडातली काडी पहिल्या झटक्यात पेटली. पातेल्यात पाणी, चिमूटभर मीठ आणि तो मूठभर होला. उकळी फुटली आणि वास सुटला. शेवंताबाईनं नाकाला पदर लावला, आणि त्याच क्षणी तिच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याची तिला इतकी लाज वाटली की ती उठून पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

कुंदानं रस्सा प्यायला. आधी घाबरत, मग भराभरा. मांस बोटांनी सोडवून खाल्लं, हाडं चोखली, बारीक हाडं तर चावून गिळली. पातेलं तिनं तोंडाला लावून उपडं केलं. शेवंताबाई लेकरू मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसली होती आणि तिच्या घशाकडे बघत होती. एवढ्याशा जीवात किती असतं! चार घास झाले आणि संपलं.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते शेवंताबाईला पुढं कधी सांगता आलं नाही. पाऊस थांबला होता. ती दर थोड्या वेळानं लेकराच्या नाकाशी बोट धरत होती. पितांबर निंबाकडे पाठ करून बसला होता. दुपार कलली, तेव्हा कुंदानं लेकरू मागितलं आणि अंगाशी घेतलं. लेकरू ओढेना. तिनं बोटानं दाबून एक थेंब काढला, तो त्याच्या ओठावर लावला. पुन्हा एक. लेकराची जीभ बाहेर आली. मग त्यानं तोंड लावलं, आणि शेवंताबाईला तो आवाज ऐकू आला, घुटुक करून गिळल्याचा, मग थोडं थांबून दुसरा.

आता तिला रडू फुटलं. तीन दिवसांचं सगळंच एकदम आलं. ती तोंड दाबून रडली, कारण लेकरू दचकलं असतं. पितांबर आत डोकावला, त्यानं पाहिलं आणि तोही डोळे पुसायला लागला. कुंदा मात्र रडली नाही. ती लेकराकडे बघत होती. लेकरू थोडा वेळ प्यायलं, मग रिकामं ओढू लागलं, मग तोंड सोडून पुन्हा किरकिरलं. आवाज सकाळपेक्षा मोठा होता. कुंदानं दुसऱ्या बाजूला घेतलं. तिथंही तेवढंच झालं.

तिनं मान वर केली. तिच्या ओठाच्या कडेला रश्शाचा ओघळ वाळला होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "आजून शे का?"

सात वर्षांत या पोरीनं ताटात दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. वाढलं तेवढं खायची आणि उठायची, सणालासुद्धा. शेवंताबाईनं मनात धरलं होतं की हे एकदाच करायचं, आणि मग उरलेलं आयुष्य त्याचं प्रायश्चित्त घेत बसायचं. एकाचं पाप तिनं मोजून, तोलून, पदरात बांधूनही घेतलं होतं. पण एका होल्याचं दूध एवढंच असतं, लेकराला संध्याकाळी पुन्हा भूक लागणार, उद्या लागणार, परवा लागणार, आणि समोर पाणी तर बोटभरही उतरलं नव्हतं.

"हाये ना," ती म्हणाली. "लय हायेत. तू पड जराशी."

ती छपराबाहेर आली, मेढीजवळ बसली आणि पितांबरला म्हणाली की नळी मोडून दे.